सोडायची ताकद

परळच्या लॅबमध्ये मी स्नायू कापते,
मेणात बसवलेले, पाच मायक्रॉनचे काप.
गुलाबी रंग चढला की उमटतात आडवे पट्टे:
हा हाडाला बांधलेला, सांगितलं ऐकणारा.
दुसरा बिनपट्ट्याचा, दोन्ही टोकांना निमुळता,
आतड्यात न विचारता राबतो.
तिसरा फांद्या फुटलेला, छातीतला.
त्याला रजेचा अर्ज ठाऊक नाही.

बाबा ससून डॉकवर बर्फाच्या लाद्या ओढायचे.
आकडा कायम उजव्या हातात.
तो खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं जाड,
कासम टेलर दोन्ही बाह्यांची मापं वेगळी लिहायचा.

पहाटे गेले. दुपारी मूठ उघडेना.
सुंद्राआत्या म्हणाली, जीव अडकलाय गं कशाततरी,
आणि बोटं चोळत बसली खोबरेल लावून.

मी गप्प.
एक तंतू दुसऱ्याला धरतो, खेचतो,
मग सुटायला त्याला इंधनाचा कण लागतो.
दर वेळी नवा.
धरून राहायला काहीच लागत नाही.

आत्याला हे कसं सांगायचं?
म्हटलं, राहू दे, दुखेल त्यांना.

चंदनवाडीला मूठ तशीच गेली,
आकड्याच्या जाडीएवढी
पोकळ.