दोनच शिल्लक

लोउलेच्या बाजारामागच्या गल्लीत आदेलिनूचं दुकान,
आणि मी इकडे फारोला, तिसऱ्या मजल्यावर,
त्याचं तांबं पडद्यावर चढवायला बसलेली.

काताप्लाना म्हणजे दोन वाट्यांचं भांडं,
एकीवर एक, मागे बिजागरी.
शिंपल्यासारखं मिटतं.
आत कांदा, तिसऱ्या, वाफ.
हे सगळं एका चौकोनात मावायला हवं होतं
आणि खाली एक बटण.

बटण नारिंगी.
आठवडाभर अर्ध्या लोकांना हिरवं दाखवलं, अर्ध्यांना नारिंगी;
नारिंगीनं शंभरात चार बोटं जास्त ओढली.
का ओढली, मला विचारू नका.
आमच्या धंद्यात कारण विकत नाहीत,
चार बोटं विकतात.

मग मी फोटोतल्या हातोडीच्या खुणा पुसल्या.
तांबं इतकं गुळगुळीत केलं की माशी घसरावी.
एकशे साठ युरो खोडून एकशे एकोणीस लिहिले.
एकशे साठ कधीच नव्हते.
कोपऱ्यात उलटं चालणारं घड्याळ लावलं,
शून्याला टेकलं की पुन्हा चोवीस तासांपासून सुरू होणारं.
आणि लाल अक्षरांत:
दोनच शिल्लक.

गुरुवारच्या बसनं तो आला.
टोपी गुडघ्यावर, चष्मा कपाळावर,
पडद्याला नाक लावून बघत राहिला.

‘हे घड्याळ कशाला?’
‘घाई वाटावी म्हणून.’
‘कुणाला?’
मी म्हटलं, कॉफी घेणार का?

मग म्हणाला, ‘इव्होन, इथं ठोकायचं कुठं?’

मला कळलंच नाही आधी.
त्याच्या दुकानात गिऱ्हाईक बोट वाकवून
भांड्यावर एक टकटक करतं,
कान लावतं,
नाद फुटका वाटला तर खाली ठेवून निघून जातं.
चाळीस वर्षांत या माणसाला
तोंड उघडायची गरज पडली नव्हती.
आणि मी त्या गावची, जिथं
बोलणाऱ्याचे कुळीथ खपतात.

उठताना त्यानं लाल अक्षरांवर अंगठा ठेवला.
‘हे तुला कुणी सांगितलं?’
‘काय?’
‘दोनच आहेत ते. खांदा धरलाय. तीन दिवसांत एक होतं.’

मी खोटं लिहिलं होतं,
ते त्याच्या मांडणीवर जाऊन खरं निघालं.
आणि आता ते कोण खरं मानणार?
अकरा वर्षं हीच ओळ मी
चपलांखाली लिहिली, गाद्यांखाली,
विमानातल्या खिडकीच्या जागांखाली.
एकेक अक्षर झिजवून ठेवलं माझ्याच हातांनी.

त्या रात्री घड्याळ काढलं.
खुणा परत आणल्या, बिजागरीजवळच्या वेड्यावाकड्यासुद्धा.
खोडलेली किंमत कायमची पुसली.
शनिवारी लोउलेला जाऊन त्याची एक टकटक
फोनवर उतरवून घेतली:
भांड्याच्या चित्रावर बोट ठेवलं की वाजते,
मागे कुठंतरी एक मोटारसायकल जाते, ती तशीच राहू दिली.
खाली लिहिलं, आदेलिनू तीन दिवसांत एक करतो.
खांदा दुखला तर चार.

बटण नारिंगीच ठेवलं.
मी काही संत नाही.

पहिला आठवडा भवानीसुद्धा नाही.
आलेखाची रेघ जिना उतरत तळघरात गेली.
नवव्या दिवशी गेंटच्या एका बाईनं एक मागवलं,
चिठ्ठीत विचारलं, खांदा कसा आहे.

रात्री बोटांचा नकाशा उघडला,
लोक कुठं थांबतात ते लाल दिसतं त्यात.
नारिंगी बटण थंडगार, निळं.
भांडं मात्र पेटलेलं,
बिजागरीपासून तिसऱ्या खुणेवर तर निखारा.
सहाशे बारा जणांनी ठोकून पाहिलं होतं,
काहींनी पहाटे तीनला,
काहींनी पुन्हा पुन्हा.

फोन लावला. म्हटलं, आदेलिनू,
सहाशे बारा टकटक, आणि विकलं एक.

पलीकडे हातोडी थांबली.
‘मग?’ तो म्हणाला,
‘दुकानातही हाच हिशेब आहे.’