नमुना क्रमांक सतरा

मायनं कळमन्याहून निवडून आणलेली,
दिघोरीच्या गच्चीवर वाळवलेली भिवापुरी मिरची,
कुटून, चाळून, तीन पिशव्यांत,
वरून तिच्या जुन्या ओढणीत गुंडाळून
माझ्या बॅगेत कोंबलेली:
"तिकडले लोक फिकं फिकं खातेत वं.
मरशीन तू."

हॉलंडात पाऊस पडत नाही,
नुसता हवेत असतो.
तिसऱ्या आठवड्यात बाई म्हणाल्या,
उद्या प्रत्येकानं घरचं काही आणा.
कुमासीच्या अबेनानं शेंगदाणे आणले,
एका तुर्की मुलानं अंजीर.
मी ओढणीची गाठ सोडली
आणि अख्खी प्रयोगशाळा शिंकली.
केवढा अभिमान वाटला मला.

पाच ग्रॅम. मेथॅनॉल. हलवा, गाळा, थांबा.
नळीतून थेंब थेंब उतरताना
मिरचीचा रंग सुटत गेला,
आणि रंग गेल्यावर जे उरलं
ते अतिनील दिव्याखाली निळं चमकलं,
देवघरातल्या समईच्या बुडाशी असतो ना, तसलं निळं.
बुरशीनं केलेली सही.

मर्यादा दहा.
अबेनाचे शेंगदाणे, चौदा.
नमुना क्रमांक सतरा, एकोणीस.

"आपण दोघी नापास," अबेना हसली.
मग तिला तिच्या मावशीचं यकृत आठवलं असावं.
हातमोजे काढून ती बराच वेळ
खिडकीबाहेरच्या गाई बघत बसली.

रात्री फोन.
"तिखट खाऊन रायली ना?"
हो.
"कसं हाय?"

आता काय सांगू माये,
तुझ्या निवडण्यात खोट नाही,
पहाटेच्या दवात आहे,
ताडपत्रीखाली रात्रभर कोंडलेल्या घामात आहे.
तिला वास नाही. तिनं चव बिघडत नाही.
ज्या नाकानं तू अख्ख्या लेआउटला
नासकं दूध कपात पडायच्या आधी सांगितलंस,
ते नाक इथं आंधळं आहे.

"मस्त," म्हणाले.

पुढं नियमांच्या वहीत वाचलं,
आपल्याकडची मर्यादा तीस.
म्हणजे तीच पिशवी तिथं नापास,
सोनेगावला विमान टेकलं की पास.
धावपट्टी आणि घर यांच्या मधे कुठंतरी
माझं पोट कायदा बदलतं,
नेमकं कुठं, ते मात्र वहीत नव्हतं.

आता जानेवारी. गच्ची लाल.
मी ओलावा मोजायचं यंत्र आणलंय, मुठीत मावणारं.
माय एक मिरची कानाशी धरून हलवते.
"बिया वाजून रायल्या. वाळली."
यंत्र म्हणतं चौदा.
"चौदा म्हणजे?"
अजून दोन दिवस.
"तुह्या यंत्राले कान हायेत का?"

पण सूर्य शेजारच्या टाकीमागं गेला तेव्हा
तिनंच ताडपत्री ओढून काढली,
बाबांची लोखंडी खाट जिन्यातून वर चढवायला लावली,
जाळी पसरली, मिरच्या जमिनीवरून उचलल्या.
"मांजरीसाठी," म्हणाली.
आमच्या गल्लीत मांजर नाही.

मग पदराला हात पुसत,
माझ्याकडं न बघता:
"ओढणीत कागद होता तुहा.
पिंट्यानं वाचून देल्ला.
सतरा नंबर. एकोणीस."

खाली कुणाच्या तरी घरी फोडणी पडली.

"चांगलं की वाईट, इतकं त त्यालेबी समजलं."
आणि थोड्या वेळानं,
"मंग? फेकलं का खाल्लं?"

मी यंत्राचं बटण उगाच दाबलं.
पडद्यावर शून्य आलं, हवेचं.
तिनं एक मिरची उचलून
माझ्या कानाशी धरली.
हलवली.