परत येण्याची कारणे

पॅरिसला जायला मला व्हिसा लागत नाही.
रोमला लागत नाही, वॉर्साला लागत नाही.
पण डोनाका पॅरिसात राहत नाही.
तो कॉर्कच्या गोदीत बोटींचे तळ खरवडतो,
आणि आयर्लंडला माझी खात्री पटायला हवी.

म्हणून कुताइसीहून पहाटेची मार्शुत्का,
मांडीवर निळी फाइल,
तिब्लिसीपर्यंत लेकरासारखी धरून.
रिकोतीच्या बोगद्यात दिवे गेले
तेव्हा आधी फाइल चाचपली, मग पैसे.

फाइलीत बँकेचा कागद,
त्यावर माझे नसलेले चार हजार लारी.
(चुलतभाऊ झुरा म्हणाला, महिनाभर ठेव,
मग मला गिअरबॉक्स घ्यायचाय.)
डोनाकाचे निमंत्रणपत्र,
त्यात माझ्या आडनावातली तीन व्यंजने गळालेली.
बातूमीच्या किनाऱ्यावर आम्ही दोघे,
मागे कुणाचा तरी अर्धा कुत्रा.
आणि आमचे बोलणे, छापून, चाळीस पाने.

मार्च वगळणार होते.
पण महिनाच गायब दिसला तर संशय येतो,
म्हणून भांडणही जोडले.
पान सतरा: "मग राहा तिकडेच."
कुणी म्हटले, वेळेसकट छापलेले आहे.

नोटरीकडच्या नानुलीबाई भाषांतर करताना
एका शब्दापाशी अडल्या. गेनात्सवाले.
"हे इंग्रजीत कसं घालू?"
म्हटलं, तुझी इडापिडा मला लागो, असं काहीतरी.
त्यांनी चष्म्यावरून पाहिले,
'प्रिय' लिहिले, शिक्का मारला,
पानाचे पंधरा लारी घेतले.

दारावरच्या शिपायाला पिशवीत लोखंडी काटा सापडला.
"हे काय?"
मी पियानो लावते, म्हटले.
त्याने तो टेबलावर आपटला, कानाशी नेला,
आणि रांगेतले सगळे क्षणभर गप्प झाले.
मग काटा गेला ट्रेमध्ये,
लायटर आणि किल्ल्यांच्या शेजारी.

खिडकीतल्या मुलीने पाने मोजली. थुंकी न लावता,
याचे मला कौतुक वाटले.
"परत येण्याची कारणे कुठायत?"
कशाची?
"एक पत्र लागतं. तिकडे टेबल आहे."
पेन दोरीने बांधलेले होते.

लिहिले: दोन नंबरच्या संगीतशाळेत सात पियानो आहेत.
लिहिले: नोकरी कायम आहे, पगार थोडा.
लिहिले: आईच्या नावे घर, माझ्या नावे वीजमीटर.
इथवर सगळे रीतसर.
मग पेन थांबेना.
लिहिले: सातातल्या तिसऱ्या पियानोत उंदरांनी नमदा खाल्लाय,
तो माझ्याशिवाय कुणाला कळत नाही.
लिहिले: तेंद्वाला फळ धरायला सहा वर्षे लागली,
यंदा धरलेय.
लिहिले: संध्याकाळी रिओनीच्या पुलावर
मी कुणाचीच नसते, आणि मला ते आवडते.

ते वाक्य खोडायला हवे होते.
खोडले नाही.

किती वेळा विचारले असेल त्याने, कधी येतेस?
दोन वर्षे, रोज रात्री, गोदीतून, बसमधून,
एकदा दातांच्या दवाखान्यातून.
परत का जाशील, हे त्याने कधीच विचारले नाही.
विचारले ते एका अनोळखी सरकारने,
तेही उत्तर पटेल की नाही अशा शंकेने,
आणि मी त्याला सगळे सांगून बसले.

"आठ आठवडे," मुलगी म्हणाली.
आठ आठवड्यांत ओल धरेल, तारा उतरतील.
त्या पानाची एक प्रत मागून घेतली,
पन्नास तेत्री.
शिपायाने काटा परत दिला
जरा नाखुशीनेच.

स्टँडवर फोन आला.
"दिलं सगळं? काय विचारलं त्यांनी?"
वाचून दाखवते, म्हटले,
आणि पुलापर्यंत वाचले.

तो बराच वेळ बोलला नाही.
मागे कुणीतरी पत्र्यावर हातोडी मारत होते,
एकसारखी.
स्वर जरासा उतरलेला होता.