जर आणि तर

सभेची नोटीस आली तेव्हा मी खाडीत होतो.
तरीत दोन मोटारसायकली, एक नवं कपाट
आणि सुरमईची पाटी सांभाळत हलिमाभाबी.

शाळा व्यवस्थापन समितीचा मी अध्यक्ष.
कसा झालो? बाकी कुणी हात वर केला नाही,
माझा वर होता.
इंजिनाची दोरी ओढून खांदा धरला होता, तो ताणत होतो.
गुरुजी म्हणाले, बिनविरोध.

विषय पहिला: मागील इतिवृत्त कायम करणे.
केलं कायम.
विषय दुसरा: वांदरांनी फोडलेली कौलं.
तिसरा: आहार शिजवणाऱ्या रतनचं चार महिन्यांचं मानधन.
रतन दारातच उभी होती, बोटं हळदीची.
"तांदूळ येतत. पैशे खंय येतत?"

चौथा वाचण्याआधी गुरुजींनी चष्मा पुसला, दोनदा.
पट दहाच्या आत. समायोजन.
जर पालकांची हरकत नसेल, तर
मुलं पलीकडच्या केंद्रशाळेत.
प्रवासभत्ता मिळेल.
वाहन: होडी.

सगळे माझ्याकडे बघायला लागले.
वाहन म्हणजे मी.

खोटं कशाला बोलू,
नऊ पोरं, जाऊन येऊन, महिन्याचे किती
हा हिशेब मी नोटीस आली त्याच रात्री केला होता.
इंजिनाचा हप्ता आहे, थोरल्याचं आयटीआय आहे.

पट मोजतात तीस सप्टेंबरला.
तेव्हा नऊच.
दिवाळी झाली की आंब्याच्या बागा राखायला नेपाळी येतात,
त्यांची पाच पोरं येतात, चौदा होतात.
समीक्षा थापा तेराचा पाढा म्हणते
तो आमच्या हेलात,
आणि पावसाच्या तोंडावर तो हेल घेऊन जाते
कुठल्या डोंगरात कोण जाणे.
तिथेही तिला पटावर कुणी धरत नसेल.

केंद्रप्रमुख म्हणाले,
"येणारी-जाणारी पोरं नियमात बसत नाहीत.
बसलेलीच बसतात."

फैयाज सोलकरनं विचारलं, तिकडची शाळा कितीला?
साडेदहा.
आणि भरती?
साहेबांनी घड्याळ बघितलं.

मग मीच बोललो.
भरती रोज पाऊण तास उशिरा येते साहेब,
तिला परिपत्रक लागू नाही.
पुनवेच्या सुकतीला मधोमध चिखल उघडा पडतो,
तर रुतली की तीन तास हलत नाही.
आणि श्रावणात वारा सुटला
तर मी माझी बायको घालत नाही तीत,
लोकांची पोरं कशी घालू?

बोलून झाल्यावर कळलं,
स्वतःच्याच धंद्याच्या बुडाला भोक पाडलं.

कागद पुढे आला.
जर त्यावर छापलेलं होतं.
तर खाली धक्क्याला बांधलेली, माझी.
मी लिहिलं: हरकत आहे.
याच खोलीत गिरवलेला ह,
अजून त्याचं पोट नीट येत नाही.

आयत्या वेळचा विषय: कौलं कोण चढवणार?
खांदा दुखत होता तरी हात वर केला.

संध्याकाळी साहेब पलीकडे निघाले,
कागद त्यांच्या पिशवीत, पिशवी माझ्या तरीत.
मधोमध इंजिन जरा खोकलं.
त्यांनी पिशवी पोटाशी धरली
आणि काठ किती लांब आहे ते पहिल्यांदा बघितलं.

घरी बायको म्हणाली, "शाणो मोठो."
भात वाढताना मात्र
माशाचा मधला तुकडा माझ्याकडे सरकवला.