दुधाळ तेल

खालचा बोल्ट सैल केला तेव्हा
आधी काहीच आलं नाही.
मग आलं ते दूध.
म्हणजे तेलच, पण पाण्याशी घुसळलेलं,
नुकत्याच व्यालेल्या गाईच्या चिकासारखं,
घट्ट, पिवळट, कोमट.
नाही, कोमट नव्हतं. आमच्या गॅरेजात
ऑगस्टातही काही कोमट नसतं.

मी बादली पायाने सरकवली.
एविंदुर दारात उभा होता, कॉफीचा मग घेऊन.
बादलीकडे बघितलं, बोलला नाही.
परवापासून बोललेला नाही.

परवा क्रोसाउच्या काठावर तो म्हणाला होता,
थांब, मी आधी चालत जाऊन बघतो.
कमरेला दोर बांधायला घेतलाही होता.
मी म्हटलं, चाळीस वर्षं जहाजांची इंजिनं सांभाळली,
आता गुडघाभर पाण्याला भ्यायचं का,
आणि पहिला गिअर टाकला.

गुडघाभर नव्हतं.
हिमनदीचं पाणी राखाडी, तळ दाखवत नाही,
रात्रीतून वाट बदलतं, कुणाला कळवत नाही.
मध्यावर पुढचं डावं चाक खड्ड्यात गेलं,
बॉनेटवरून लाट आली,
खाली दगड गडगडत होते,
तळघरात कुणी कपाटं हलवावीत तसे,
त्यातला एक नेमका स्टिअरिंगच्या दांड्यावर बसला.
गाडीच्या नाकातोंडात पाणी गेलं, माझ्याही.
निघालो बाहेर. निघालो, एवढंच.
काठावर त्याने तो कोरडा दोर
पुन्हा नीट गुंडाळला, वेटोळ्यावर वेटोळं,
आणि मागच्या सीटवर ठेवला.

सकाळी केटिल येऊन गेला, टायरवाल्याचा धाकटा.
वाकून बघितलं, शीळ घातली, बोटं मोजू लागला:
चव्वेचाळीस इंची टायर,
पुढे लॉकर, मागे लॉकर,
छतापर्यंत स्नॉर्कल, वर दिव्यांची रांग.
मी आकडा विचारला.
तेवढ्यात आम्ही विकलेल्या सगळ्या गाई
परत आल्या असत्या, वर एक बैल.

दांडा वाकला होता धनुष्यासारखा.
धनुष्य जरा जास्त झालं. काकडीसारखा.
सरळ केला नाही. वाकलेलं लोखंड सरळ केलं
तरी ती जागा विसरत नाही,
पुढच्या वेळी तिथेच वाकतं.
दुप्पट जाडीचा पाइप कापला, टोकांना आटे पाडले,
वेल्डिंगच्या ठिणगीने माझी एक भुवई गेली.

राहिला मागचा आस.
दिवसभर पळून तापलेला,
एकदम बर्फाच्या पाण्यात उतरवला
की आतली हवा आक्रसते,
आणि तो श्वास आत ओढतो,
जे समोर असेल ते.
पाण्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही.
त्याची श्वासाची नळी वीतभर होती,
मला माहीत होतं,
तीन उन्हाळे माहीत होतं.

लांब नळी हवी होती, मी म्हटलं,
कुणालाच उद्देशून नाही.
एविंदुर मग ठेवून गेला,
रिकाम्या गोठ्यातून आला ते
पारदर्शक नळीचं भेंडोळं घेऊन:
दूध काढायच्या यंत्राची,
गाई गेल्या त्या दिवशी उकळत्या पाण्याने धुऊन
त्याने खिळ्याला टांगलेली.

चासिसच्या कडेकडेने वर नेली,
सायलेन्सरला टाळून,
वीतभराला एक पट्टी आवळत,
थेट इंजिनाच्या माथ्यापर्यंत.
जोडण्याआधी फुंकून बघावी लागते.
मी गाडीखाली, पाठीवर, एक टोक तोंडात.
दुसरं त्याने कानाला लावलं असणार,
मला फक्त त्याचे बूट दिसत होते.

फुंकलं.
जिभेवर साबण आला,
आणि अगदी मागून, जेमतेम, दूध.
"आला वारा?"
बूट हलले नाहीत.
"नाही," तो म्हणाला. "पुन्हा."

आला होता. नळी मोकळी होती,
ओठांना कळतं ते.
मी पुन्हा फुंकलं.