जुनी ठेवू की नवी?

अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यात,
डाईंगच्या भिंतीला लागून एक खोली आहे.
तिथं मी सर्व्हर सांभाळते.
भिंत कायम कोमट. मार्चनंतर तापलेली.
एसी मालकांच्या केबिनमधून उतरलेला.

आधीच्या माणसानं प्रत्येकाची पत्रं
एकाच लांबलचक फायलीत ठेवली होती,
एकाखाली एक, न कापलेल्या ताग्यासारखी.
मधलं एक काढायचं तर
अख्खा तागा उलगडून पुन्हा गुंडाळायचा.
गुंडाळताना दुसऱ्या कुणी टोक ओढलं
की संपलं.
एकदा संपलंच. एक्स्पोर्टच्या सुलोचना गुर्रमची
अकराशे पत्रं, वाक्याच्या मध्ये तुटली.

मी ठरवलं, एका पत्राला एक फाईल.
सोलापुरात हे समजावून सांगावं लागत नाही.
नळाला पाणी पाचव्या दिवशी.
आमची एकच मोठी टाकी होती,
पाल पडली त्या दिवशी सगळी ओतून दिली.
तेव्हापासून आई घागरी, कॅन, पातेली भरते,
प्रत्येकावर वेगळं झाकण.
जागा खाते. अंधारात ठेच लागते.
(डिस्कलाही लागते. नव्वद हजार बारक्या फायली
मोजता मोजता बॅकअपची रात्र सरत नाही.)
पण नासलं तर एकच नासतं.

पत्र आधी ‘तात्पुरते’मध्ये उतरतं.
पुरतं उतरलं की ‘नवे’.
अर्धवट असताना कुणाला दिसत नाही.
नमुना खात्याचे मल्लेशम काका म्हणाले,
बरोबर आहे पोरी,
मागावरची चादर गिऱ्हाइकाला कोण दाखवतं?

बातम्यांच्या सर्व्हरला मात्र
मी गोल टाकी दिली.
ठरल्या मापाची एकच फाईल.
सुताचे भाव, तिसऱ्या पाळीचे निरोप,
गेटात आडवी लावलेली कुणाची स्कूटर,
शेवट आला की पुन्हा सुरुवातीपासून,
नवं जुन्यावर.
कधी ओसंडत नाही, कधी झाडावी लागत नाही.
मला अभिमान होता या निवडीचा.

तिथंच, ‘नमुने’ नावाच्या गटात,
काकांनी मोराच्या चादरीची रीत लिहिली,
एका बोटानं, सात दिवसांत सात निरोप.
जकार्डच्या कुठल्या कार्डाला भोक चुकीचं आहे
आणि ते चुकीचंच का ठेवायचं.
दिवाळीनंतर काका गेले.
टाकी फिरत राहिली.

एप्रिल. चव्वेचाळीस अंश.
मी सर्व्हरचं नवं पॅकेज चढवत होते.
पलीकडे आई पॅकिंगला,
सहा टॉवेल, एक पिशवी, नॅपकिन वेगळे.
हेही कुणीतरी तसंच बांधलेलं,
सर्व्हर वेगळा, हत्यारं वेगळी, माहितीपुस्तक वेगळं,
आणि उद्या सगळं काढून टाकलं
तरी पत्रांना हात लावायचा नाही, अशी सोय.
कोण असेल तो? पगार तर नाहीच.

मध्येच पडद्यावर प्रश्न :
ही सेटिंगची फाईल तुम्ही बदललेली दिसते.
जुनी ठेवू की नवी?
काही न सांगता एंटर दाबलं, तर जुनी.

न बोलणाऱ्याचं जुनं राखायचं,
हे ठरवणाऱ्याच्या घरी कोण गेलं असेल?

मी प्रश्न तसाच ठेवला, ‘नमुने’ उघडलं.
सातापैकी पाच निरोप होते.
पहिल्या दोनांच्या जागी
‘गेट नंबर दोन बुधवारी बंद राहील.’
पाच फायली केल्या, पाच घागरी,
झाकणं लावली.
तिसऱ्यात काकांनी लिहिलंय,
एकोणिसाव्या कार्डाचं भोक दुरुस्त करू नये,
कारण वर सांगितलंच आहे.

वर काही नाही.
खाली, शेडमध्ये, ते कार्ड अजून तसंच फिरतं,
मोराचा डोळा एक धागा खाली बसतो.

प्रश्न पडद्यावर लुकलुकत होता.
जुनी म्हणजे माझीच गोल टाकी.
आई दारात येऊन म्हणाली,
लवकर आवर गं, उद्या पाणी आहे.