रकाना अकरा

जिल्ह्याच्या कचेरीने मला दिलं
निळं जाकीट, दोन मापं मोठं,
पाच पेनं,
आणि एक प्रश्न. तो जसाच्या तसा विचारायचा,
पदरचं काही घालायचं नाही:
आठ एप्रिलच्या मध्यरात्री
या छपराखाली कोण कोण होतं?

विशिनेनी. मोल्दोव्याच्या नकाशावर
घडी पडते नेमकी तिथे.
गेल्या खेपेला आम्ही पंधराशे बारा होतो.
पंधराशेच्या खाली गेलो
की सरपंचाची कचेरी जाणार ओढ्यापलीकडच्या गावात:
शिक्का, जन्ममृत्यूचं दप्तर,
भिंतीवरचं घड्याळसुद्धा.
मग मेलेल्याचा दाखला आणायला
अकरा किलोमीटर चिखल.

सरपंच एमिलियान कपाकडे बघत म्हणाले,
"पोरी, हात जरा सैल ठेव."

पहिल्याच फाटकाशी कुत्रं, मागे म्हातारा इलारियोन.
सहा नावं सांगितली त्याने एका दमात,
थोरल्यापासून शेंडेफळापर्यंत.
दाराशी रबरी बुटांचा एकच जोड.
मी म्हटलं, आजोबा, त्या रात्री कोण कोण होतं?
तो म्हणाला, रात्रीचं काय विचारतेस,
रात्री सगळेच असतात.

रकाना अकरा: तात्पुरते गैरहजर.
बारा महिन्यांच्या आतले.
त्याहून जास्त असेल तर खोडायचं,
एकाच रेघेने, खालचं नाव वाचता येईल असं.

प्रत्येक घरात पेलाभर वाईन.
नियमावली म्हणते, नम्रपणे नाही म्हणा.
ती लिहिणारा विशिनेनीत कधी फिरकला नसावा.
दुपारनंतरचं माझं अक्षर
जरा उताराला लागलेलं आहे.

लुकेरियाची लेक पादुआत
परक्या आईला आंघोळ घालते, आठवड्यातून तीनदा, पगारी.
इथे लुकेरियाचा हात पाठीला पुरत नाही.
मी फॉर्म उलटा ठेवला, पाणी तापवलं.
त्या घराला एक तास चाळीस मिनिटं लागली.
कारण: विचारलेलं नाही.

वरच्या आळीला दुमजली घर,
खिडक्यांच्या काचांवर दुकानाचं लेबल तसंच.
माणूस नाही. विजेचा मीटर मात्र फिरतोय.
शेजारीण म्हणाली, आत फ्रीज चालू असतो, रिकामा.
बंद केला तर
घर ओसाड दिसतं म्हणे.

नऊ वर्षांचा साविन आजीच्या वतीने उत्तरं देत होता.
आईच्या गावाचं नाव मी चुकीचं लिहिलं
तर माझ्या हातातलं पेन घेऊन त्याने दुरुस्त केलं,
पिन कोडसकट.

एक सांगते, कुणाला विचारायचं नव्हतं तरी.
पाच आठवड्यांनी आमचा पितरांचा ईस्टर.
तेव्हा बसा भरभरून येतात,
स्मशानात थडग्याथडग्याशी टेबलं मांडतात,
लाल अंडी, केक, बाटल्या,
मुलं आजोबांच्या क्रुसाला जाकिटं अडकवतात.
ती मध्यरात्र धरली असती
तर गाव तीन हजारांचं भरलं असतं,
मेलेले सोडून.
पण तारीख राजधानीत ठरते,
आणि तिथल्या लोकांना वाटतं
माणूस जिथे झोपतो तिथेच राहतो.

अठरा दिवस. दोनदा कुत्रं चावलं, तेही एकच.
बेरीज मी केली नाही, ती वर होते.
मनातल्या मनात होत गेली, त्याला काय करणार.
हात सैल सोडला नाही.
इलारियोनच्या पाच नावांवर रेघा मारल्या,
एकाच रेघेने,
वाचता येतील अशा.

शेवटचा फॉर्म माझा.
नाव: आग्रिपिना. वय: एकेचाळीस.
आठ एप्रिलच्या मध्यरात्री
मी घरीच होते, जागी,
बॅगेची चेन बसत नव्हती म्हणून
एक स्वेटर काढत होते बाहेर,
पुन्हा घालत होते आत.
बस एकोणतीसला. पादुआमार्गे.

लिहिलं: हजर.
निळ्या पेनाने, स्वच्छ अक्षरात.
नियमाने बघाल तर
यात खोटं काही नाही.